वळसा

दाढी करता करता त्याला आरशात दिसलं की आई, तिथे आता नसलेल्या टेबलाला वळसा घालून चालली आहे. न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि आरशाच्या कोपऱ्यात मधली खोली येत होती. आई आपल्या खोलीच्या चौकटीपाशी आली, नेहमीप्रमाणे चौकटीला तळवा टेकला, थोडी सरळ चालली आणि मग खोलीच्या मधोमध, जिथे आता नुसती फरशी होती, तिथे अडवल्यासारखी थांबली. डावीकडे वळून भिंतीच्या कडेकडेने गेली, खिडकीपाशी उजवीकडे वळली आणि स्वयंपाकघराच्या दारात पोचली. वळताना तिने अंग किंचित आक्रसून घेतलं, टेबलाचा कोपरा लागू नये म्हणून. ते टेबल जाऊन बरेच दिवस झाले होते. तो अर्ध्या गालाला फेस लावलेला तसाच उभा राहिला. तिला अजून कळलेलंच नाही, हा पहिला विचार. पाठोपाठ दुसरा, की बरंच आहे, उद्या तर ती ताईकडे जायचीच आहे. फेस वाळून गाल ओढायला लागला तेव्हा त्याने उरलेली दाढी पुरी केली.

टेबल काढलं त्या दिवशी ताई आईला डोळे दाखवायला घेऊन गेली होती. काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे गेले त्याला खूप वर्षं झाली. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. डोळ्यांचा डॉक्टरही आता नुसता धीर देण्यापुरता तपासतो. तेवढ्या वेळात दोन माणसं आली, टेबल आडवं करून त्यांनी दारातून काढलं आणि जिन्यात त्याचा एक पाय कठड्यावर आपटला, तेवढाच काय तो आवाज. आईला सांगायची गरज त्याला वाटली नाही. जिला दिसतच नाही तिला घर भरलेलं काय आणि रिकामं काय, सारखंच, असा त्याचा हिशेब होता. उलट कसलंही स्पष्टीकरण न देता सगळं सुरळीत पार पडलं याचं समाधानच वाटलं असतं, जर त्या दिवसांत त्याला काही वाटत असतं तर.

तो कवळ्या करतो. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, वरच्या मजल्यावर याची खोली, मधे एक अरुंद जिना. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन वर पाठवतात. हा त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो, साच्यावर मेणात दात बसवतो, चावा जुळतो का ते बघतो. खोलीत त्याच्याशिवाय एकच माणूस, कवळ्यांना झिलई देणारा, त्याला सगळे पॉलिशवाला म्हणतात. पॉलिशवाल्याची जीभ अखंड चालते. कवळी घेऊन खुशीत निघालेल्या म्हाताऱ्याला तो जिन्यातून ओरडून सांगतो, की आम्ही दात दिले, चण्यांचं तुमचं तुम्ही बघा. फळ्यांवर साचे ओळीने मांडलेले असतात, पांढरी तोंडं, एकही शब्द न बोलणारी. हा त्यांना नावाने नाही, हिरडीवरून ओळखतो. इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली आहे, ती म्हणजे दात काढला की हाड लगेच हार मानत नाही. बरेच महिने ते दाताची जागा धरून राहतं. मग हळूहळू खचतं. लोक म्हणतात जखम भरून आली. भरून काही येत नाही, जागा खाली बसते. मग येऊन तक्रार करतात की कवळी सैल केलीत. कवळी होती तशीच असते. आईची कवळीही त्यानेच केलेली, आणि गेलं वर्षभर ती बोलताना आतून टकटक वाजते. दुरुस्त करायला हवी हे त्याला रोज ऐकू येतं.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं. ती घरीच शिवणकाम करायची. मधल्या खोलीत मधोमध ते लांबरुंद टेबल होतं, त्याच्या उजव्या कडेने आईची स्वयंपाकघरात जायची सरळ वाट; त्या टेबलावर कापड पसरून ती बेतायची, खडूने रेघा मारायची, मोठ्या कात्रीने कापायची. कात्री लाकडावरून सरकताना जो करकर आवाज व्हायचा तो घरभर असे. त्या टेबलाने सगळ्यांनाच छळलं. याच्या कमरेला उजव्या बाजूला त्याच्या कोपऱ्याचा एक निळा डाग कायम असायचा, एक विरेपर्यंत दुसरा तयार. तो चिडायचा. ती म्हणायची, टेबल आहे तिथेच आहे, तुम्हीच हलता. आणि टाचण्या. टाचण्यांची डबी दिवसातून एकदा तरी कलंडायची, आणि आई घरात अनवाणी फिरणारी, तिला पायाला काही असलं की वाट कळत नाही. डबी पडल्याचा बारीक पाऊस ऐकू आला की पाठोपाठ बायकोचा आवाज यायचा, आई, टाचण्या सांडल्यात, वळसा घालून या. मग ती गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फरशीवरून फिरवायची. दिवाणापाशी बसून तो पेपरातून नजर न काढता हे सगळं ऐकत असे. त्याला त्याची किंमत नव्हती असं नाही, पण घरात पंखा चालतो तसं ते चालत असे. त्या दिवशीही ती कापतच होती. पोटात कळ आली, टेबलाला धरून खाली बसली, आणि तिथूनच तिला हॉस्पिटलात नेलं. घरी एकटी आई होती, तिने हाका मारून शेजाऱ्यांना बोलावलं. हा कामावरून परस्पर हॉस्पिटलात पोचला तेव्हा ती शुद्धीत नव्हती. परत घरी आल्यावर त्याने टेबलावरचं अर्धं कापलेलं कापड घडी घालून ठेवलं, आणि चपलेखाली काही करकरलं म्हणून पाहिलं तर टाचण्या होत्या. त्या त्याने झाडून कोपऱ्यात केल्या. रडू येईल म्हणून तो काही दिवस वाट बघत राहिला. मग वाट बघायचं विसरला.

वस्तू सोडून द्यायला शिकवणाऱ्या वर्गाची भानगड पॉलिशवाल्याने काढली. त्याच्या बायकोने त्याला घरातली अडगळ कमी कर म्हणून तिकडे धाडलं होतं. तो दोनदा गेला, दोन मोडक्या छत्र्या आणि एक बंद रेडिओ सोडून आला, आणि आठवड्याने रेडिओ परत मागून आणला. पण तुला बरं वाटेल, तू जा, असं तो याच्या मागे लागला. शाळेच्या व्यायामशाळेत सुट्टीच्या दिवशी सकाळी सतरंज्या घालून माणसं बसायची. शिकवणाऱ्याला सगळे दादा म्हणत. दादांचा पूर्वी घरसामान हलवायचा धंदा होता, ट्रक होते, गडी होते. ते सांगायचे, की मी लोकांची खोकी एका घरातून दुसऱ्या घरात नेली, तीच खोकी न उघडलेली तिथून तिसऱ्या घरात नेली, आणि मालक मेल्यावर मुलांनी ती न उघडताच मला परत उचलायला बोलावली. तेव्हा मला प्रश्न पडला की हे वाहतंय कोण आणि कुणाला. दादांची पद्धत साधी होती. घरून एक वस्तू आणायची. दोन्ही तळव्यांवर धरून डोळे मिटायचे, श्वास संथ होऊ द्यायचा आणि वस्तू जड होते की हलकी, तेवढं बघायचं. जड झाली तर तिचं तुमच्याशी अजून काम आहे, खुशाल परत न्या, लाजू नका. हलकी झाली तर तिला नमस्कार करा आणि खाली ठेवा. ती सुटली.

एक बाई टवका उडालेला कप घेऊन यायची. दर खेपेला तो तिच्या हातात जड व्हायचा आणि ती डोळे पुसत त्याला पुन्हा पिशवीत घालायची. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना वडिलांचा चष्मा खाली ठेवता येईना. याचं तसं काही झालं नाही. याने बायकोचा चष्मा आणला, हलका झाला. कात्री आणली. ती चांगली वजनदार लोखंडी कात्री, तीही तळव्यांवरून उडून जाईल की काय अशी झाली. मोजायची फीत, स्वेटर, अंथरुणाच्या चादरी, तिची चप्पल, आरशापुढचा कंगवा, सगळं एका श्वासात सुटलं. लोक कौतुकाने बघू लागले. कप आणणारी बाई म्हणाली, तुम्हाला कसं हो जमतं. त्यालाही वाटलं की आपल्याला काहीतरी साधलंय, लोक याच्यासाठी जन्म घालवतात आणि आपल्याला ते आयतं मिळालं. कौतुक ऐकताना मात्र शेजारच्या माणसाचं चाललंय आणि आपण मधे बसलोय असं वाटे. वर्गात नेता येण्यासारखं सगळं संपलं तेव्हा तो घरी करू लागला. टेबलाच्या फळीवर दोन्ही तळवे टेकवून त्याने डोळे मिटले. एवढं अवाढव्य लाकूड, पण त्यातही काही नव्हतं. ते गेल्यावर फरशीवर एक फिकट चौकोन उरला, पुसूनही न जाणारा.

एकदा वर्ग संपल्यावर दादांनी त्याला जिन्यात गाठलं. त्याचा तळवा हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिला, बाजारात फळ दाबून बघतात तसा.

"तुला सगळंच हलकं कसं लागतं रे?" ते म्हणाले. "मी उचलणारा माणूस. एखाद्या गड्याला सगळंच हलकं लागायला लागलं की मी त्याला घरी पाठवायचो. हातातली जाण गेलेली असते. असा माणूस वस्तू पाडतो."

तो हसला, आणि उशीर होतोय म्हणून निघाला. दादांनाही शिष्य पुढे गेलेला बघवत नाही की काय, असं मनात आलं आणि तेही फार टिकलं नाही. त्याच्या पुढच्याच वर्गात दादांनी माणसांचं सांगितलं. माणसं टाकायची नसतात, असं त्यांनी बजावून सांगितलं, फक्त आपण त्यांना धरलंय ते मायेने की भीतीने, तेवढं तपासायचं. सगळ्यांनी रिकामे तळवे वर केले आणि एकेक माणूस मनाने त्यावर ठेवलं. त्याने आईला ठेवलं. व्यायामशाळेत कुठेतरी नळ ठिबकत होता. आई हलकी झाली. घाबरायला हवं होतं. तो घाबरला नाही, सतरंजीची घडी घालायला मदत केली आणि बाहेर येऊन ताईला फोन लावला. ताई म्हणाली, मी कधीची म्हणतेय, तुझ्याच्याने एकट्याने होणार नाही. ताई चांगली आहे. तिच्या घरी माणसं आहेत, उठबस आहे, पोरं सांभाळणारी बाई दिवसभर असते. फक्त त्या घराच्या भिंती आईच्या हाताला माहीत नाहीत. तिथे तिला कुणीतरी धरून न्यावं लागेल आणि धरून न्यायला कंटाळा आला की बसवून ठेवतील. हे ताईने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. आईला सांगितलं तेव्हा आई बरं म्हणाली. गेल्या वर्षभरात ती कशालाच बरंखेरीज काही म्हणालेली त्याला आठवत नव्हती.

हे सगळं आज, शनिवारी, मेणात खालच्या जबड्याचे दात बसवता बसवता त्याच्या डोक्यातून जात होतं, आणि त्यात मधूनमधून आई नसलेल्या टेबलाला वळसा घालत होती. ती चित्रासारखी थांबत नव्हती, पुन्हा पुन्हा तेच करत होती. थांबायची, अंग आक्रसायची, वळायची. त्याने मेण जास्त तापवलं आणि एक दात तिरका गेला. खालून डॉक्टरीणबाईंचं रोजचं वाक्य जिन्यातून वर आलं, इंजेक्शन दिलेल्या प्रत्येकाला त्या ते सांगतात, की बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, स्वतःचा गाल चावाल आणि कळायचंही नाही. दुपारी डबा खाताना पॉलिशवाला बोलता बोलता थांबला आणि त्याने स्वतःच्या ओठाकडे बोट दाखवलं. याने हात लावला तर बोटाला रक्त. जीभ फिरवली, गालाच्या आत एक फाटलेली जागा लागली. कधी चावलं कोण जाणे. पॉलिशवाला म्हणाला, दातांच्या दुकानात राहून गाल चावून घेतोस, लोक हसतील. त्याने चूळ भरली आणि उरलेला डबा खाल्ला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा आई तिच्या खोलीत खाटेवर बसली होती आणि पायांशी तिची पिशवी होती. पिशवी तिने स्वतःच भरलेली. कपडे, औषधं, जुनी कवळी ठेवायची वाटी. तो चौकटीत उभा राहिला. मधल्या खोलीत त्याच्या चपलांचा आवाज झाला होता, तो भिंतींवर आपटून परत आल्यासारखा, आणि इतके दिवस हा आवाज आपण ऐकला कसा नाही असं त्याला वाटलं. आईने विचारलं, उद्या किती वाजता. त्याने सांगितलं, जेवणाआधी ताई येईल. मग तो तिच्यासमोर खाली बसला.

"आई, मधलं टेबल नाहीये आता. मी देऊन टाकलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. ताईने मला दारात आणून सोडलं आणि मी तिला म्हटलं बस जरा, तर माझाच आवाज मला परत आला. सामान असलं की आवाज त्यात मुरतो रे."

हे तिने कुरकुर न करता सांगितलं. कवळी टकटक वाजत होती. त्याने विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तू बोलला नाहीस, मी म्हटलं तुला नको असेल बोलायला. त्याला वाटलं आता इथेच थांबावं, पिशवीची चेन लावून द्यावी, जेवायला वाढावं. सकाळपासून जे आत फिरत होतं ते मात्र थांबेना.

"मग वळसा कशाला घालतेस? माहीत आहे तर सरळ जायचं ना."

आईने हाताने गुडघ्यावरचा लुगड्याचा काठ सारखा केला. "त्या दिवशी डबी सांडली तिची," ती म्हणाली. "मी पाणी घ्यायला निघाले होते. म्हणाली, आई, टाचण्या सांडल्यात, वळसा घालून या. मी आले वळून. रोज मग ती सगळ्या वेचायची आणि हाक मारायची, आई, झालं, आता या सरळ." तिने तोंड त्याच्या आवाजाच्या दिशेने वळवलं. "त्या दिवशी तसं म्हणाली नाही. तेवढ्यात तिला कळ आली."

रोज ऐकू येणारं दुसरं वाक्य त्याला आत्ता आठवलं. आई, झालं, आता या सरळ. पेपराच्या पलीकडून वर्षानुवर्षं ते येत होतं, आणि आपल्याला पहिलं तेवढं आठवत राहिलं. घरातून तिचं सगळं गेलं होतं, त्यानेच काढलं होतं, आणि हे एक वाक्य न बोललेलं तसंच राहिलं होतं आणि आई ते सांभाळत भिंतीच्या कडेकडेने चालत होती. आपण टाचण्या कोपऱ्यात झाडल्या होत्या, हे आईला सांगता आलं असतं. आता या सरळ, असं तो म्हणू शकला असता. त्याने तोंड उघडलंही, पण ते त्याने म्हणायचं वाक्य नव्हतं.

आई म्हणाली, जरा धर, पाय आखडलेत. त्याने दोन्ही हात पुढे केले. तिने त्याच्या तळव्यांवर आपले तळवे टेकले आणि उठताना सगळा भार दिला. तो पुढे खेचला गेला, तोल सावरायला त्याला खाटेला गुडघा लावावा लागला. एवढीशी दिसणारी बाई इतकी जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मनगटं भरून आली. ती सरळ उभी राहीपर्यंत त्याने श्वास रोखून धरला आणि ती उभी राहिल्यावरही हात सोडले नाहीत. ती म्हणाली, अरे सोड, मी जाते. मग चौकटीला तळवा टेकला आणि निघाली, थांबली, अंग आक्रसून वळली, भिंतीकडेने खिडकीपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात. पाण्याचं भांडं वाजलं.

त्याचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला होता, खोलीच्या पलीकडे, अगदी नाकासमोर. तो निघाला आणि फिकट चौकोनाच्या कडेशी थांबला. पाय उचलेना. मग तो डावीकडे वळला. वळताना उजवी कंबर आपोआप आत घेतली गेली, आणि तिथे काही लागलं नाही. ते न लागणंच त्याला लागलं. भिंतीला धरत तो खिडकीपर्यंत गेला आणि ताईला फोन लावला.

"उद्या येऊ नकोस," तो म्हणाला. "आई इथेच राहील."

ताईने विचारलं काय झालं, पडली का ती. तो नाही म्हणाला. मग एकाएकी असं कसं, अरे मी खोली रिकामी केली तिच्यासाठी, काहीतरी कारण सांगशील की नाही.

"अजून वेचून व्हायच्यात," तो म्हणाला.

"काय वेचून?"

त्याला पुढे बोलता येईना. ओठांच्या कडेने खारट पाणी तोंडात गेलं, गालाच्या आत दुपारी चावलेल्या जागेला लागलं, आणि ती जागा झणझणायला लागली.